मिनिटभराचा सभ्यपणा

गाडी धूर सोडते ती धावताना. चढावर, सिग्नल सुटल्यावर, पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायची हिंमत केल्यावर. सरकार मात्र तिला तपासतं ती उभी असताना. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, जागच्या जागी. मुलगा दाखवायला न्यावा तसाच हा प्रकार. पोरगं घरी भांडी आपटत असो, त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून घडीभर गप्प बसलं, की 'स्वभावानं अगदी शांत आहे हो' असा शेरा मिळतो. पीयूसीची सगळी गंमत या घडीभरात आहे. आणि जुन्या गाडीच्या मालकाचं कसब काय, तर तिला तेवढ्यापुरतं गप्प बसवणं.

आमच्याकडे आहे ती १९९६ सालची मारुती ८००. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली, एमएच-१३, म्हणजे पासिंग सोलापूरचं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर, आणि डॅशबोर्डवर चिकटवलेले सिद्धरामेश्वर. सासऱ्यांचे डोळे गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली. तिच्याबरोबर आरसी बुक, चाकं बदलायचा पाना आणि "दर सहा महिन्यांनी तेवढी पीयूसी बघा" हे वाक्यही आलं. त्यातलं पाना सोडून सगळं कामाला लागलं.

मजा अशी की या गाडीला धूर गाळायची सोयच नाही. १९९५ च्या एप्रिलपासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, पण तो फक्त दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत. सोलापूरच्या फुप्फुसांचा तेव्हा कुणी विचार केला नव्हता. त्यामुळे इंजिनात जे शिजतं ते सायलेन्सरमधून जसंच्या तसं बाहेर वाढलं जातं. पुढे २०१० साली धुराचं बीएस-४ हे मानक आलं तेव्हा मात्र पहिल्या तेरा शहरांच्या यादीत दिल्ली-मुंबई-पुण्याच्या पंगतीला चक्क सोलापूर! नागपूर नाही, नाशिक नाही, सोलापूर. आम्ही बरेच दिवस छाती पुढे काढून फिरलो. मग कुणीतरी सांगितलं, की हवा खराब असलेल्या शहरांत आपलं नाव होतं म्हणून हा मान मिळालाय. तरी छाती लगेच आत घेतली नाही. यादीत नाव आलं हे काय कमी आहे? धुराच्या बाबतीत आमचं गाव तसं भाबडंच. २०२३ साली होटगी रोडवरच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली, तीसुद्धा विमानाच्या वाटेत येते म्हणून. धुरासाठी नव्हे.

तर पीयूसी. पेट्रोलच्या जुन्या गाडीत मोजतात दोनच गोष्टी. एक कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत. दुसरं न जळता बाहेर पडलेलं हायड्रोकार्बन, दर दहा लाख भागांत किती भाग असं. आमच्या वयाच्या मोटारीला पहिल्याची मर्यादा तीन टक्के आणि दुसऱ्याची १५००. बीएस-४ च्या गाडीला हेच आकडे ०.३ आणि २००. म्हणजे पहिल्या आकड्यात म्हातारीला थेट दहापट सवलत. एवढी सवलत रेल्वेनंही आजवर कुठल्या ज्येष्ठ नागरिकाला दिली नाही. बदल्यात फक्त नव्या गाडीचा कागद वर्षभर चालतो आणि आमचा सहा महिन्यांत संपतो. आणि तो नसताना पोलिसानं धरलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड आहे दहा हजारांपर्यंत. हा आकडा आमच्या घरात जरा हळू आवाजात उच्चारतात, कारण भंगारवाल्यानं गाडीची सांगितलेली किंमत त्याच्या बरीच जवळपास होती.

यंदा पंपाशेजारी उभ्या असलेल्या पीयूसीच्या व्हॅनपाशी गाडी लावली. पोरानं नळी सायलेन्सरमध्ये सारली आणि स्क्रीनकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "काका, पाच पॉइंट सहा."

"पाचावर सहा म्हणजे... जास्त आहे का?"

"तीनच्या आत पायजे की ओ. मशीन कागदच देत नाही."

पूर्वी यावर चर्चेला वाव असे. आता सगळं ऑनलाइन. नंबर प्लेटचा फोटो वर चढतो, आकडे वर चढतात, आणि माणसामाणसांतला जिव्हाळा संपतो. निदान असं आमचं मत होतं. २०२५ साली दिल्ली विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात वाचलं, की तिथे एक लाखाहून जास्त गाड्यांना मर्यादेपेक्षा जास्त आकडे येऊनही पास केलेलं होतं. म्हणजे आकडाही खरा, नापास असल्याचंही खरं, आणि प्रमाणपत्रही खरं. राजधानीत जिव्हाळा शिल्लक आहे, एवढाच याचा अर्थ. आमच्या व्हॅनमधला पोरगा मात्र नको तितका सरळ निघाला.

गाडी नापास झाल्याची बातमी कॉलनीत माझ्याआधी पोचली. जुनी गाडी ठेवण्याचा एक फायदा म्हणजे सल्ल्यांचा तुटवडा पडत नाही. समोरचे आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण कुठल्याही इंजिनाचा आवाज आला की ते अजून चहाचा कप खाली ठेवतात. ते म्हणाले, "मोहोळपर्यंत पळवून आणा. तिसऱ्या गिअरवर. कार्बन सगळा झडतो. आल्या आल्या इंजिन बंद न करता सरळ नळीखाली."

सल्ला चुकीचा नव्हता. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून त्याला जास्त पेट्रोल पाजावं लागतं, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त कार्बन मोनॉक्साइड. इंजिन चांगलं तापलं की आकडा उतरतो. पण जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर? हवा बिघडवत नाही असा कागद मिळवण्यासाठी चार लिटर पेट्रोल जाळत मोहोळच्या हवेत जाऊन यायचं, हे मला जड गेलं. आप्पांना नाही गेलं. "हवा काय, तिकडं भरपूर आहे," ते म्हणाले.

पुण्याहून मेहुण्याचा फोन आला. त्याच्याकडे बीएस-६ ची नवी गाडी आहे आणि बोलण्यातही बीएस-६ चा सूर आहे. "भावजी, काढून टाका हो. दिल्लीत असतात तर पंपावर पेट्रोलसुद्धा दिलं नसतं." त्याचं खरं होतं. २०२५ च्या एक जुलैपासून दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं होतं. पण आठवडाभरातच ती मोहीम थांबवावी लागली, हे त्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं. वर फीचाही हिशेब आम्ही दोघांनी केला. पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं पुन्हा पासिंग करायचं तर एप्रिल २०२२ पासून सहाशेचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षं ओलांडली असतील तर २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार. सरकार जुनी गाडी बंद करा म्हणत नाही. फक्त दर खेपेला ती किती प्रिय आहे ते विचारतं.

आप्पांचा दुसरा सल्ला गुप्त होता, म्हणून त्यांनी तो गेटवर उभं राहून सांगितला. "टाकीत बाटलीभर स्पिरिट ओता. सीओ झटक्यात खाली." याच्यामागेही शास्त्र आहे. स्पिरिटच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत तेच पेट्रोल जरा जास्त हवा घेऊन जळल्यासारखं जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. पण मी म्हटलं, "आप्पा, ते काम सरकारनं आधीच केलंय." हल्ली पंपावर मिळतं ते ई-२०. पाचवा हिस्सा इथेनॉल. २०३० ला गाठायचं ठरवलेलं हे प्रमाण २०२५ लाच गाठलं. आमचा जिल्हा म्हणजे उसाचा आणि कारखान्यांचा. तेव्हा गाडीच्या पोटात जाणारं काही आपल्याच शिवारातलं असेल असं समजून आम्ही अभिमान बाळगतो. १९९६ च्या रबरी नळ्यांना तो अभिमान वाटत नाही. त्या आतून फुगतात, चिरतात, आणि कधीतरी बोनेटखाली पेट्रोलचा वास सुटतो. पण धुरापुरता ऊस आमच्या बाजूनं होता. तरीही पाच पॉइंट सहा! ऊस नसता तर किती आला असता, याचा हिशेब मी केला नाही.

शेवटी अक्कलकोट रोडवरच्या अण्णांकडे गेलो. अण्णा मेकॅनिक आहेत, पण आधी श्रोते आहेत. गाडी आत घेतली की ते बोनेट उघडत नाहीत. मागे जाऊन उभे राहतात, डोळे मिटतात आणि सायलेन्सर ऐकतात. मग बोट सायलेन्सरच्या आतून फिरवून अंगठ्यावर चोळतात. बोट काळं कोरडं झालं तर पेट्रोल जास्त. तेलकट झालं तर रिंगा गेल्या, आणि मग ते गिऱ्हाइकाला आधी बसायला स्टूल देतात. माझ्या वेळी स्टूल आलं नाही. बोट कोरडं होतं.

"सर, ही पेट्रोल जाळत नाही. ओतायलीय," अण्णा म्हणाले.

मग एकेक उलगडत गेलं. डॅशवर चोकचं बटण असतं. थंडीत सकाळी ते ओढायचं, गाडी चालू झाली, जरा गरम झाली की पुन्हा आत ढकलायचं. हवेची वाट अडवून पेट्रोल जास्त घ्यायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या घरात मात्र त्याची ओळख खुंटी अशी आहे. सासूबाई मंडईतून आल्या की कोथिंबिरीची पिशवी तिथेच अडकवतात, म्हणजे चुरगळत नाही. वर्षानुवर्षं पिशव्या लटकून ते बटण बोटभर बाहेर आलेलं. आत ढकलावं तर तिथली केबल गंजून अडकलेली. म्हणजे गाडी कायम अर्ध्या चोकवर. अण्णांनी केबल काढून हातात धरली. मग सासूबाईंबद्दल आदर राखून, नुसतं "भाजी कुठली घेता?" असं विचारलं.

पुढे एअर फिल्टर. तो उलटा आपटला तर त्यातून कडुलिंबाची काडी, रस्त्याची सगळी धूळ आणि सोलापूरचा अलीकडचा इतिहास बाहेर पडला. पण खरी कमाल फिल्टरच्या डब्याची होती. मारुतीच्या त्या डब्यावर 'समर' आणि 'विंटर' अशी दोन ठिकाणं असतात. विंटरवर ठेवलं की इंजिनाजवळची गरम हवा आत ओढली जाते. गरम हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला प्राणवायू कमी, म्हणजे धूर जास्त. आमचा डबा विंटरवर होता. कधीपासून, ते कुणालाच माहीत नाही. सोलापुरात! जिथे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो आणि डिसेंबरात बंडी घालणाऱ्याची लोक तब्येत विचारतात, तिथे ही गाडी कुलू-मनालीच्या तयारीत उभी होती. अण्णांनी शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून ते दाखवलं. त्यानं पंक्चरवाल्याला दाखवलं. थोडा वेळ गाडी प्रेक्षणीय स्थळ झाली होती.

तिन्ही प्लग काढले. काळेकुट्ट. नवे बसवले. मग खरं काम, म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू. आत चिमटीएवढ्या जागेत स्क्रूड्रायव्हर घालून अण्णा तो हळूच फिरवत होते आणि कान इंजिनाला लावून ऐकत होते.

इथे जरा थांबतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला हवेचे साधारण पावणेपंधरा भाग लागतात. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तो कमी करायला पेट्रोल आवळत न्यावं, तर एका टप्प्यानंतर मिश्रण इतकं कोरडं होतं की ठिणगी पडूनही ते धड पेटत नाही. इंजिन मिस मारतं, न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं, आणि दुसरा आकडा, तो हायड्रोकार्बनचा, डोकं वर काढतो. एकाला दाबलं की दुसरा उठतो. दोन्ही एकाच वेळी मर्यादेत बसवायचे, आणि तेही मशीन न वापरता, कानानं. अण्णांकडे गॅस अ‍ॅनालायझर नाही. त्यांच्याकडे पान लावलेला जबडा आहे. आवाज बरोबर लागला की तो चघळायचा थांबतो.

थांबला.

"आता काय करायचं सांगतो," ते म्हणाले. "इथून निघायचं, सरळ पीयूसीला जायचं. रेस द्यायची नाही, एसी नाही..." एसी गाडीला मुळातच नाही, पण मी मान हलवली. "सिग्नलला बंद पडंल. पडू द्या. परत मारा स्टार्टर. फक्त कागद निघेस्तोवर तिला रागावू नका."

सिग्नलला ती बंद पडली. एकदा नव्हे. सात रस्त्याला मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या सात पिढ्यांना आठवलं. गाडी अंग चोरून, धाप लागल्यासारखी चालत होती. पण मागे धूर नाही.

मला त्या वेळी फोक्सवागन आठवली. २०१५ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं त्यांना पकडलं ते याच कारणासाठी. त्यांच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं, की आपली परीक्षा चालू आहे हे गाडीला कळायचं. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे हे प्रयोगशाळेतलंच असणार, असा अंदाज बांधून ती तेवढा वेळ धूर आवरायची. रस्त्यावर आली की मोकळी. जगभरात अशा सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या निघाल्या, कंपनीच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. या कामासाठी जर्मनीतले हुशार इंजिनियर बसवावे लागले. आमच्याकडे हे एक माणूस पाव फेऱ्यात करतो, प्लग धरून साडेआठशे रुपयांत, आणि वर हा प्रकार सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणाला राजीनामाही द्यावा लागत नाही.

व्हॅनपाशी पोचलो तर पुढे एक जुनी डिझेल जीप. डिझेलची तऱ्हा आणखी निराळी. तिला उभं राहून गप्प बसण्याची परवानगी नसते. अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबून इंजिन किंचाळवायचं, आणि त्या दणक्यात निघणारा धूर किती काळा ते मोजायचं. जीपवाला स्वतः पाय द्यायला तयार नव्हता. "इंजिन बसलं तर कोण भरून देणार?" असं तो व्हॅनमधल्या पोराला विचारत होता. शेवटी पोरानंच चढून पाय दिला. काळा लोट उठला, पंपावरच्या बाया पदर नाकाला लावून बाजूला झाल्या, पोरगा खोकत खाली उतरला आणि खोकतच म्हणाला, "पास." दिवसभर तो हे करतो. शहराची हवा चांगली असल्याची प्रमाणपत्रं छापणारा हा पोरगा त्या सगळ्या हवेचा पहिलं गिऱ्हाईक आहे. त्याच्या मर्यादेचा आकडा मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

आमची पाळी. नळी आत. मी, आप्पा (ते रिक्षा करून मुद्दाम आले होते) आणि जीपवाला, तिघंही स्क्रीनपुढे वाकलो. ४.१. जीपवाल्यानं 'च्च' केलं. ३.४. गाडी थरथरली, मला वाटलं आता बंद पडणार. आप्पा पुटपुटले, "धीर धर, धीर धर," आणि ते गाडीलाच म्हणत होते. २.९. २.७. तिथे आकडा टेकला. हायड्रोकार्बन १३८० वर. मर्यादेच्या आत, पण इतक्या काठावर, की गाडी शिंकली असती तर बाहेर गेली असती.

"दाबा की कागद!" आप्पा ओरडले.

पोरानं नंबर प्लेटचा फोटो काढला. प्लेट अजून जुनीच आहे. त्या नव्या उच्च सुरक्षा प्लेटची मुदत सरकार आपणहून पुढे ढकलत राहिलं, तेव्हा आम्ही कशाला घाई करायची? त्यानं मोबाइल नंबर विचारला, प्रिंटर कुरकुरला, आणि क्यूआर कोडवाला कागद बाहेर आला. सव्वाशे रुपये. त्यावर गाडीचा फोटोही येतो. चष्मा लावून पाहिलं, तर डॅशवर लटकलेली पिशवी स्पष्ट दिसत होती. घरून निघताना सासूबाईंनी ती कुणाकडे तरी पोचवायला दिली होती.

कागद घेऊन गाडी परत अण्णांकडे. असं करायचंच असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण अण्णांच्या गॅरेजबाहेर माझ्यापुढे दोन मारुत्या आणि एक ओमनी आधीच उभ्या होत्या, हातात ताजे कागद घेतलेले मालक बाजूला. सगळ्यांचं काम एकच. अण्णांनी बोनेट उघडलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि स्क्रू उलटा पाव फेरा फिरवला. इंजिन मोकळं झाल्यासारखं गुरगुरलं.

"घ्या, पिकअप परत दिला," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला एक दिवस आधी आणा. आणि मावशींना सांगा, पिशवी आरशाला अडकवा म्हणावं."